बोगद्यापलीकडचा फोल्डर

शुक्रवारी सकाळी हेमेदी म्हांडोने चहाचा कप बाजूला ठेवला, लॅपटॉप उघडला, ऑफिसच्या फोल्डरवर टिचकी मारली आणि फोल्डरने त्याला चक्क ओळखच दाखवली नाही.

‘आपल्याला येथे प्रवेश नाही.’

बस्स! एवढंच. ना कारण, ना दिलगिरी. म्हांडोने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा टिचकी मारली. प्रवेश नाही. आता हा काही कुणा परक्याचा फोल्डर नव्हता. त्याचं नावच मुळी ‘हेमेदी म्हांडो – इतरांनी हात लावू नये’ असं होतं, आणि ते नाव त्याने स्वतः दिलेलं होतं. म्हणजे माणसाने आपल्याच दाराची कडी वाजवावी आणि आतून कुणीतरी विचारावं, "कोण पाहिजे?" म्हांडोला दरदरून घाम फुटला.

घाम फुटायला कारणही तसंच होतं. टांगा शहराच्या ज्या नळयोजना कार्यालयात तो एकवीस वर्षं काम करतोय, तिथल्या विभागप्रमुखाची खुर्ची चार महिने रिकामी होती. दावेदार दोन. एक म्हांडो आणि दुसरा चांबुसो. त्यात महिन्यापूर्वी ऑफिसच्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्याने म्हांडोचा डावा पाय मोडला. (लिफ्ट आहे. ‘दुरुस्ती चालू’ ही पाटी तिच्यावर इतकी जुनी आहे, की पाटीचीच आता दुरुस्ती करायला हवी.) संचालिका लुकिंडो बाईंनी त्याला घरून काम करायची परवानगी दिली. ऑफिसच्या इतिहासातली ही पहिलीच परवानगी. चांबुसो सगळ्यांसमोर म्हणाला, "घरी बसून काम? घरी बसून कोंबड्या राखतात."

त्यावर लुकिंडो बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "म्हांडोंचा वार्षिक अहवाल शुक्रवारी दुपारी ऑफिस सुटायच्या, म्हणजे दहाच्या आत माझ्या टेबलावर आला, तर घरून काम होतं असं मी समजेन. तो घेऊनच मी राजधानीला, डोडोमाला जाणार. नाही आला, तर चांबुसोंचा घेऊन जाईन. आणि ज्याचा अहवाल नेईन, खुर्ची त्याची."

प्रश्न आलाच कुठे! अहवाल कधीच तयार होता. म्हांडोने तो घरून, व्हीपीएनवरून, थेट ऑफिसच्या फोल्डरमध्येच बसून लिहिला होता. ऑफिसचा कागद घरच्या मशीनवर ठेवायचा नाही असा नियम, आणि म्हांडो नियमाचा पक्का. फक्त शेवटची नजर फिरवून बाईंच्या फोल्डरमध्ये सरकवायचा बाकी होता. आणि आज हे असं!

"अहो, काल चालत होतं ना?" शिवणयंत्रावरून बायको म्वानाइदीने विचारलं.

"काल सकाळी लोण्यासारखं चालत होतं. दुपारी मी प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेलो, तेव्हा याला ठणठणीत सोडून गेलो होतो."

"मग बंद करून चालू करा."

म्हांडोने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर शास्त्रज्ञ लोक अडाण्यांसाठी राखून ठेवतात. मग ती पाठमोरी झाल्यावर त्याने बंद करून चालू केलं. व्हीपीएन लगेच जोडला गेला, हिरवा दिवा लागला. फोल्डर दिसत होता, त्याचं नाव दिसत होतं. टिचकी मारली. प्रवेश नाही.

सोप्यावर मबारुकू गुरुजी, म्हणजे म्वानाइदीचे वडील, रेडिओ कानाला लावून बसले होते. बुधवारीच पांगानीहून आले होते. पस्तीस वर्षं शाळेत स्वाहिली शिकवलेला माणूस. भाषेची चूक त्यांना माशीसारखी दिसते आणि दिसली की ते ती मारतात. सध्या त्यांनी घड्याळं धरली होती. आमच्याकडे दिवस उगवला की वेळ सुरू होते, हे तर शेंबडं पोरही जाणतं. सूर्य वर येऊन एक तास झाला की एक वाजला, दोन झाले की दोन. ऑफिस दोनला उघडतं आणि दहाला सुटतं. घड्याळाचा काटा मात्र इंग्रजी पद्धतीने सहा तास पुढे असतो. काटा आठवर बघायचा आणि तोंडाने ‘दोन’ म्हणायचं, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर येतं, कुणाला त्याचं काही वाटत नाही. गुरुजींना वाटतं. "डोळ्यांनी एक आणि जिभेने दुसरंच? हा रोज दिवसभर बोललेला खोटेपणा आहे, जावईबापू!" असं म्हणून त्यांनी आल्या आल्या भिंतीवरचं घड्याळ सहा तास मागे केलं, मग उशाचं गजराचं, मग लेकीचं मनगटावरचं. म्हांडोने आपलं मनगट वेळीच पाठीमागे लपवलं होतं, आणि नंतर घड्याळच कपाटात कुलूपबंद केलं होतं. सासरे पाहुणे आहेत, चार दिवसांनी जातील, मग काटे परत फिरवू, असा त्याचा सुज्ञ विचार.

तर म्हांडोने ऑफिसात साल्हाला फोन लावला. साल्हा म्हणजे संगणकाचं सगळं बघणारी एकुलती एक मुलगी. वय सव्वीस. हुशार, पण संस्कारी. तेच नडलं.

"शिकामू, म्हांडो काका!"

शिकामू हा वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार. म्हांडो बेचाळीसचा. त्याला तो प्लास्टरच्या आत टोचला. पण उत्तर न देणं म्हणजे रानटीपणा. "मराहाबा, बाळ. अगं, माझा फोल्डर..."

"घरी कसं काय?"

"ठीक. फोल्डर..."

"काकू?"

"काकू ठीक."

"पाय?"

"पाय पण ठीक. म्हणजे मोडलेला आहे, पण ठीक."

"आणि पांगानीचे आजोबा आलेत म्हणे? त्यांची तब्येत? प्रवास कसा झाला? पांगानीला पाऊस?"

पांगानीचा पाऊस सांगून होईपर्यंत फोनमधला रिचार्ज संपला. फट्! म्हांडो हातातल्या फोनकडे बघतच राहिला. पाच मिनिटं बोललो आणि ‘फोल्डर’ या शब्दाच्या पुढे गेलोच नाही! कोपऱ्यावरच्या दुकानात चिठ्ठी गेली, तिथून रिचार्ज आला, त्यात तास गेला, कारण दुकानदारानेही आधी पायाची चौकशी केली.

दुसऱ्या फोनला साल्हाने एकेक उपाय सुरू केले. पासवर्ड बदलला. नाही. व्हीपीएन काढून परत घातला. नाही. "काका, दुसऱ्याचा फोल्डर उघडून बघा." म्हांडोने ‘सभेची इतिवृत्तं’ उघडायचा प्रयत्न केला. तिथेही प्रवेश नाही. ‘वाढदिवसांची यादी’. तिथेही नाही! ज्या यादीत आपलं नाव तिसरं आहे, तिने आपल्याला हाकलावं, हे त्याला फारच लागलं.

"मग तूच तिकडून उघड ना माझा फोल्डर, आणि दे बाईंना अहवाल."

मग साल्हा हळूच म्हणाली, "काका, तुम्हीच अर्ज केला होतात ना, तुमच्याशिवाय कुणालाही उघडता येऊ नये म्हणून?"

केला होता. गेल्या वर्षी चांबुसोने त्याचा एक तक्ता उचलून आपल्या नावावर खपवला, तेव्हा म्हांडोने तीन पानी अर्ज करून त्या फोल्डरला असं कुलूप लावून घेतलं होतं, की ब्रह्मदेवालाही उघडू नये.

"मग उघडायचा काहीतरी मार्ग असेलच ना?"

"आहे की. सात नंबरचा फॉर्म. मी आत्ता भरून पाठवते. फक्त त्यावर विभागप्रमुखाची सही लागते."

"विभागप्रमुख कुठाय?"

"तेच तर," साल्हा म्हणाली. "ती जागा रिकामी आहे."

म्हांडोने फोन ठेवला आणि छताकडे पाहिलं. विभागप्रमुख व्हायला फोल्डर उघडला पाहिजे. फोल्डर उघडायला विभागप्रमुख झालं पाहिजे. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्याने सरकारी पेच पुष्कळ पाहिले होते, पण हा पेच स्वतःच्या हाताने विणलेला होता.

एव्हाना आळीत बातमी पसरली होती. समोरच्या बी साउमू (बी म्हणजे बाई) ऊद आणि निखारे घेऊनच आल्या. "नजर आहे. त्या ऑफिसातल्या काळतोंड्याचीच. फोल्डर नाही, नशीब बांधलंय मेल्याने!" म्हांडो शिकलेला माणूस, त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण नको म्हणायला तोंड उघडलं तेव्हा त्यात धूर गेला. लॅपटॉपला चारी बाजूंनी ऊद दाखवण्यात आला. तो तापला, त्याचा पंखा घरघरला आणि पडदा काळा झाला.

"बघा, निघतेय नजर," बी साउमू समाधानाने म्हणाल्या.

पडदा परत यायला अर्धा तास गेला. सगळे धुरात डोळे चोळत बसले. फोल्डर उघडला नाही, पण घराला सुगंध मात्र सुरेख येत होता.

दुपारच्या नमाजाहून गुरुजी परतले, त्यांच्याबरोबर शेजारचे पोंडा आजोबाही आले. रेल्वेतून निवृत्त झालेले. मुहेझा स्टेशनवर उमेदीची सारी वर्षं सिग्नल ओढले. आता त्या मार्गावर गाड्या अधूनमधून धावतात, पण पोंडा आजोबा रोज इस्त्रीची खाकी पँट घालून वेळेवर बाहेर पडतात. त्यांनी खुर्ची ओढली, पिलावाची ताटली मांडीवर घेतली आणि चौकशीला बसले.

"हे व्हीपीएन म्हणजे काय प्रकरण?"

"आजोबा, म्हणजे बोगदा समजा," म्हांडो वैतागून म्हणाला. "या घरापासून ऑफिसपर्यंत खासगी बोगदा. त्यातून माझं काम जातं येतं."

"बोगदा!" पोंडा आजोबांचे डोळे चमकले. "मग तो मोकळा आहे का?"

"मोकळा आहे. हिरवा दिवा आहे. बोगद्यातून जाता येतं, पण पलीकडच्या स्टेशनात घेत नाहीत."

"मग घड्याळं जुळवा."

"काय?"

"अहो, रेल्वेचा पहिला नियम. दोन्ही स्टेशनांची घड्याळं जुळली नाहीत, तर मास्तर गाडी आत घेत नाही. मुहेझाला आम्ही रोज तारेवरून वेळ मिळवायचो. एकदा काय झालं, कोरोग्वेच्या मास्तरचं घड्याळ..."

"आजोबा!" म्हांडो ओरडलाच. "इथे माझी खुर्ची चाललीये आणि तुम्ही कोरोग्वेचं घड्याळ काय काढताय!"

पोंडा आजोबांनी गोष्ट अर्धीच सोडली. पिलावाचा घास मात्र त्यांनी जरा जोरात चावला.

साडेनऊला साल्हाचाच फोन आला. आवाज रडवेला. "काका, बाईंची गाडी खाली येऊन उभी आहे. चांबुसो साहेब आपला अहवाल घेऊन दारातच घुटमळतायत. आणि हो, मला पुस्तकात एक उपाय सापडला. तुमच्या मशीनची आणि इथल्या सर्व्हरची वेळ वेगळी असली, तरी असं होतं म्हणे. तुमच्या मशीनवर किती वाजलेत?"

पोंडा आजोबांनी ताटलीतून मान वर काढली.

म्हांडोने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. "साडेनऊ."

"इथेही साडेनऊच," साल्हा निराशेने म्हणाली. "मिनिटाचाही फरक नाही. म्हणजे तेही नाही."

"ऐकलंत?" म्हांडो पोंडा आजोबांकडे वळला. अपमानाने त्याचा आवाज चिरका झाला होता. "घड्याळं जुळतात! मिनिटाला मिनिट! झालं समाधान?"

मग तो खचलाच. मागे टेकून बसला आणि प्लास्टरकडे बघत राहिला. एकवीस वर्षं. म्वानाइदीने शिवणयंत्र थांबवलं. नवऱ्याला इतकं गप्प तिने लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. "जाऊ दे हो," ती म्हणाली, "खुर्ची काय, आपल्याकडे चार आहेत." पण तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते उदाचं नव्हतं.

पोंडा आजोबा ताटली ठेवायला उठले. जाता जाता म्हांडोच्या खांद्यावरून वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याच्या कोपऱ्यात बघत मोठ्याने वाचलं.

"शून्य, नऊ, सत्तेचाळीस."

"हो, पावणेदहा वाजून गेले. माहितीये मला."

"शून्य नऊ सत्तेचाळीस," आजोबा परत म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम स्टेशनमास्तरसारखा झाला. "तोंडचे नऊ राहू देत. हे लिहिलेले नऊ आहेत. रेल्वेत याला सकाळ म्हणतात. आत्ता पाहिजेत पंधरा सत्तेचाळीस. तुमचं हे यंत्र सकाळच्या गाडीत बसलंय, बाबा!"

क्षणभर कुणाच्याच काही डोक्यात शिरलं नाही. मग म्हांडोच्या शिरलं. शिरलं आणि त्याचा जबडा खाली आला. साल्हाने तिकडे काट्याचे साडेतीन बघून तोंडाने साडेनऊ म्हटलं. आपण इकडे लिहिलेले साडेनऊ बघून तोंडाने साडेनऊ म्हटलं. दोघंही खरं बोललो आणि मध्ये सहा तास गडप झाले! पण सकाळपासून आपल्याला कसं दिसलं नाही? दिसणार कसं? सकाळी कोपऱ्यात दोन होते, तोंडात दोन होते, आयुष्यात पहिल्यांदाच डोळ्यांचं आणि जिभेचं जुळत होतं!

त्याने सावकाश मान वळवली. सोप्यावर गुरुजींनी रेडिओ बंद केला होता.

"मामा," म्हांडो म्हणाला, "काल दुपारी मी दवाखान्यात होतो तेव्हा..."

"बिघडवलं नाही मी काही," गुरुजी ताठ बसून म्हणाले. "सुधारलं. सगळ्या घराची वेळ खरी आणि एकट्या त्यानेच खोटं बोलायचं? ते आपोआप पुन्हा इंग्रजीवर जात होतं, लबाड. मी तेही बंद केलं."

"बाबा!" म्वानाइदी किंचाळली.

"अगं, पण मला काय ठाऊक, की याच्या नोकरीची किल्ली त्या घड्याळात..." पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने गोल करणारा माणूस, त्याला आज स्वतःभोवती गोल दिसला. "काढ. काढ रे बाबा, माझी दुरुस्ती काढून टाक."

म्हांडोने घड्याळ सहा तास पुढे ढकललं. व्हीपीएन तोडला, जोडला. घाईघाईत पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला असता तर खातंच बंद. बी साउमूंनी डोळे मिटले. पोंडा आजोबांनी नकळत उजवा हात सिग्नलचा दांडा ओढावा तसा खाली ओढला. म्हांडोने एकेक अक्षर मोठ्याने म्हणत पासवर्ड घातला (तो आता आळीत सर्वांना पाठ आहे) आणि फोल्डरवर टिचकी मारली.

उघडला!

शेवटची नजर वगैरे गेली खड्ड्यात. त्याने अहवाल उचलला आणि बाईंच्या फोल्डरमध्ये टाकला. तीन मिनिटांनी साल्हाचा फोन. ती शिकामू न म्हणताच ओरडली, "पोचला! बाई छापून घेऊन खाली उतरल्या! चांबुसो साहेब अजून दारातच आहेत!"

संध्याकाळी गुरुजी जेवले नाहीत. त्यांनी पिशवी भरली. "उद्या बाराच्या गाडीने जातो."

"जायचं नाही, मामा," म्हांडो म्हणाला. सकाळपासून मनात जे काही साचलं होतं, ते त्यांचं तोंड बघून विरघळून गेलं. "भिंतीवरचं घड्याळ राहू दे तुमच्या वेळेवर. लॅपटॉप तेवढा सोडा. तो बिचारा अडाणी आहे."

गुरुजी हसले आणि पिशवीतून विड्याची पानं काढून बसले.

पण म्हांडो धडा शिकला होता. यापुढे लिहिलेली वेळ ही रेल्वेची वेळ. तोंडचे वेगळे, लिहिलेले वेगळे. त्याने ते वहीत लिहूनही ठेवलं. रविवारी डोडोमाहून बाईंचा संदेश आला : ‘अभिनंदन. सोमवारी ८ वाजता ऑफिसात भेटा, पदभार घ्या. – लुकिंडो.’ लिहिलेले आठ! सोमवारी सकाळी काटा आठवर असताना, म्हणजे ऑफिस उघडता उघडता, म्हांडो नवा शर्ट घालून, कुबड्या घेऊन, तेच तीन मजले एकेक पायरी मोजत चढला. बाईंच्या दाराला कुलूप होतं.

चांबुसो तिथून गेला. "लवकर आलात?"

"वेळेवर आलोय," म्हांडो ताठपणे म्हणाला.

नऊचे दहा झाले, दहाचे अकरा. चांबुसो चार वेळा गेला आणि चार वेळा हसला. बाकावर बसून प्लास्टरच्या आत खाज सुटली, आणि अकराच्या सुमारास म्हांडोच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाईंनी मनात दुपारचे आठ म्हटले आणि बोटाने आठ लिहिले. तोंडचे आठ! पण आता उतरायचं म्हणजे परत चढायचं. तो बसून राहिला. काटा दोनवर आला, म्हणजे तो येऊन बरोबर सहा तास झाले, तेव्हा लुकिंडो बाई आल्या आणि त्याला बघून थक्क झाल्या.

"ठोक्याला हजर! बघा चांबुसो, वेळ पाळणं याला म्हणतात."

चांबुसोने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. म्हांडोने कुबडी जरा जोरात आपटली.

खुर्ची मऊ होती. तिच्यात बसल्यावर शिपायाने पहिला कागद पुढे ठेवला. शुक्रवारपासून तीन मजले फिरून आलेला सात नंबरचा फॉर्म. ‘श्री. म्हांडो यांचा फोल्डर उघडण्यास तातडीची परवानगी मिळणेबाबत.’ खाली साल्हाची सही, त्याखाली विभागप्रमुखाच्या सहीची रिकामी रेघ. म्हांडोने ऐटीत सही ठोकली. शेजारी एक रकाना होता : ‘वेळ’. त्याने पेन टेकवलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, स्वतःशी काहीतरी पुटपुटला, पेन उचललं, आणि पोंडा आजोबांना फोन लावला.